मुथाबाईंच्या ताब्यातले शब्द

मुथाबाईंचा राग पायापासून वर चढत जायचा. आधी उजव्या पायातली चप्पल फरशीवर टपटप वाजू लागायची, मग पदर कमरेला खोचला जायचा, मग चष्मा कपाळावर चढायचा. चष्मा वर गेला की आम्ही शिक्षक मंडळी आपापले चहाचे कप उचलून भिंतीला लागायचो. कारण चष्म्याशिवाय बाईंना समोरचा माणूस धड दिसत नसे. समोर शिपाई आहे की शिक्षणाधिकारी, हा फरकच मिटून जायचा. बाई मुद्दाम त्यासाठीच चष्मा वर ढकलतात, असा मला दाट संशय होता आणि अजूनही आहे.

एवढं रागावण्यासारखं काय घडलेलं असायचं? कुणीतरी एका इंग्रजी शब्दाच्या जागी दुसरा वापरलेला असायचा. बस्स.

मंचरहून लोणीकडे जाताना उसाच्या रानात आमचं हायस्कूल लागतं. गावाचं नाव मी सांगणार नाही. या हकिकतीतले निम्मे लोक हयात आहेत आणि उरलेल्या निम्म्यांना मुलं आहेत. मी तिथे चित्रकला शिकवायचो, बाई इंग्रजी. बाईंचे पणजोबा मारवाडातून मंचरच्या पेठेत आले आणि भांडी विकू लागले. दुकान अजून आहे, बाईंचा भाऊ बघतो. बाईंनी लग्न केलं नाही, भावाच्या घरीच राहायच्या. घरातली मारवाडी त्यांच्याकडे आईशी भांडण्यापुरती उरली होती. बाकी सगळं मराठी. सूर्य मावळायच्या आत जेवण, हा मात्र घरचा नेम त्यांनी सोडला नाही. त्यामुळे शाळेतली कुठलीही मीटिंग पाच वाजता संपायची. संपली नाही, तर बाई संपवायच्या.

शिकवताना त्यांना भांडीच आठवायची. "माझ्या भावाच्या दुकानात जा आणि परात मागा," त्या वर्गात सांगायच्या. "त्याने पातेलं दिलं तर घ्याल? दोन्ही स्टीलची, दोन्ही चकाकतात. पण पातेल्यात भाकरीचं पीठ मळून दाखवा मला."

'बॉरो' आणि 'लेंड' हे त्यांचे जुने आरोपी. आपल्याकडे 'उसनं' हा एकच शब्द, देणारा आणि घेणारा दोघं त्यात आरामात मावतात. इंग्रजाने मात्र जायला एक दार केलं आणि यायला दुसरं. तसंच 'ऐकणं'. नुसतं कानावर पडलं तर 'हिअर' आणि मन लावून ऐकलं तर 'लिसन'. स्टाफरूममध्ये आम्ही बारा जण होतो. बाईंच्या मते त्यातले अकरा जण जन्मभर 'हिअर'च करत आले होते. बारावा कोण, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

बाईंना आयुष्यात एकच गोष्ट मनापासून हवी होती. मुख्याध्यापकाची खुर्ची. आणि ती का हवी, हे त्या लपवायच्या नाहीत. आमच्याकडे पाचवीचं इंग्रजी ज्याचा तास मोकळा असेल त्याच्या गळ्यात पडायचं. पीटीचे सर शिकवायचे, वेळ पडली तर मीही शिकवायचो. मी एक वर्ष नुसती सफरचंदं काढून वेळ मारून नेली. पोरांना सफरचंदाचा छायाप्रकाश उत्तम जमू लागला, इंग्रजी शून्य. ही पोरं आठवीत बाईंच्या हाती लागायची तेव्हा शब्द त्यांच्या डोक्यात चुकीच्या फळीवर जाऊन बसलेले असायचे. "मला वेळापत्रक पाहिजे," बाई म्हणायच्या. "खुर्ची, पाटी, मान, सगळं तुम्ही ठेवा. पाचवीला कोण शिकवणार, हे मला ठरवू द्या." ते ठरवायचा अधिकार मुख्याध्यापकाचा. आणि सेवाज्येष्ठतेने पुढचा नंबर बाईंचाच होता.

आता फळ्याबद्दल सांगतो. शाळेत शिरल्याबरोबर व्हरांड्यात समोर एक फळा होता. त्यावर रोज सुविचार असायचा आणि तो कुणीही वाचत नसे. बाईंनी मुख्याध्यापकांकडून फळा मागून घेतला. त्यांचं स्वतःचं अक्षर म्हणजे कोंबडी धान्यात नाचल्यासारखं, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे. रोज सकाळी पोलीस चौकीत फिर्याद नोंदवावी तशा बाई सांगायच्या आणि मी रंगीत खडूने, अक्षरांना सावल्या देऊन, लिहायचो: 'काल सापडलेला शब्द. कुठे सापडला. कोणाच्या जागेवर बसला होता. ताब्यात कोण.' आणि खाली चूक करणाऱ्याचं पूर्ण नाव.

दंड नाही, बोलणी नाहीत. कायदा एकच. ज्याचं नाव असेल त्यानं यायचं, शब्द बरोबर वापरून फळ्यावर तीन वाक्यं लिहायची, आणि मग स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव पुसायचं. दुसऱ्या कुणी पुसायचं नाही. हा कायदा मुलांना होता तसा मास्तरांना होता, मास्तरांना होता तसा एसटीच्या कंडक्टरला होता. एकदा बाईंच्याच तोंडून वर्गात 'रेंट'ऐवजी 'हायर' निघून गेलं. पहिल्या बाकावरच्या मुली टपलेल्याच होत्या. दुसऱ्या दिवशी मी 'ताब्यात: कु. कांचन मुथा' असं गुलाबी खडूने लिहिलं. बाईंनी तीन वाक्यं लिहिली आणि नाव पुसलं. तो दिवस त्यांनी इतक्या आनंदात घालवला की आम्हाला काळजी वाटली.

एकदा एका मुलीच्या रजेचा अर्ज आला. वडिलांनी पुतण्याकडून इंग्रजीत लिहून घेतला होता, वजन पडावं म्हणून. 'बिबट्यामुळे आमचं कुटुंब डेंजरस आहे, तरी चार दिवस रजा मिळावी.' चप्पल वाजली, पदर खोचला, चष्मा वर गेला. "बिबट्याने वाचलं तर तो पळून जाईल," बाई कडाडल्या. पण शाळा सुटल्यावर त्या माझ्या मोटरसायकलवर मागे बसल्या आणि आम्ही त्या वस्तीवर गेलो. बांधावर ठसे होते, ताजे. पोरगी तीन दिवस घराबाहेर पडली नव्हती. बाईंनी तिथून वनखात्याला फोन लावला, आणि पिंजरा लावायला कोण येणार, कधी येणार, हे समोरच्याकडून नावासकट वदवून घेतलं. सूर्य मावळला, जेवणाची वेळ टळली. बाई रात्रभर उपाशी राहणार होत्या, पण त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. निघताना मात्र त्या मुलीच्या वडिलांना म्हणाल्या, "तुम्ही धोक्यात आहात. धोकादायक तो आहे. सोमवारी येऊन तीन वाक्यं लिहायची." तो गडी सोमवारी खरंच आला. लिहून झाल्यावर हात झटकत मला म्हणाला, "राव, बिबट्या परवडला, पर ह्या बाई न्हाई."

पण फळ्याचा खरा मानकरी आमचा शिपाई मारुतीमामा. मुख्याध्यापक जरा कुठे हलले, अगदी मोरीपर्यंत गेले, तरी मारुतीमामा विचारणाऱ्याला ऐटीत सांगायचा, "सर आऊट ऑफ स्टेशन हायेत." एक दिवस हे त्याने तपासणीला आलेल्या साहेबांना सांगितलं. साहेबांनी शेरा मारला: मुख्याध्यापक परवानगीविना परगावी. मुख्याध्यापक तेव्हा मागच्या बाजूला हात धूत होते.

दुसऱ्या दिवशी फिर्यादीत मारुतीमामाचं नाव आलं. मला ते लिहवेना. मारुतीमामा चौथीपर्यंत शिकलेला, तोही मराठीत. मी बाईंना म्हटलं, जाऊ द्या, गरीब माणूस आहे. बाई माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मला माझा खडू लपवावासा वाटला. "त्याला सोडायचं म्हणजे त्याला जमणारच नाही, असं आपण ठरवून टाकायचं," त्या म्हणाल्या. "मी असं कुणाबद्दल ठरवत नाही."

मारुतीमामा चार दिवस मधल्या सुट्टीत बाईंपुढे पाटी घेऊन बसला. पाचव्या दिवशी धुतलेली टोपी घालून आला. सगळी शाळा व्हरांड्यात जमली. त्याने इंग्रजीत तीन वाक्यं लिहिली. सर आत आहेत. सर बाहेर आहेत. मी इथे आहे. खडू दोनदा मोडला. मग त्याने बाहीने आपलं नाव पुसलं, आणि पोरांनी ज्या टाळ्या वाजवल्या तशा आमच्या शाळेत कुठल्या पाहुण्याला मिळालेल्या मी ऐकल्या नाहीत. इथून पुढे जे घडलं ते समजून घ्यायचं, तर ही टोपी आणि ह्या टाळ्या लक्षात ठेवाव्या लागतात. बाईंनी तर ठेवल्याच.

संस्थेचे अध्यक्ष तात्या. बागायतदार, भाषणबहाद्दर, मनाने वाईट नव्हते असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही. त्या वर्षीच्या पंधरा ऑगस्टला तात्यांना कुणीतरी सुचवलं की दोन शब्द इंग्रजीत बोला. तात्या झेंड्याखाली उभे राहिले आणि शिक्षकांकडे बोट दाखवून गरजले, "आय विल लर्न ऑल टीचर्स. आय विल लर्न देम डिसिप्लिन." सांगायचं होतं की शिक्षकांना मी शिस्त शिकवीन. 'टीच'च्या खुर्चीत 'लर्न' येऊन बसला होता. मी हळूच बाईंच्या पायांकडे पाहिलं. चप्पल वाजत होती.

सोळा तारखेला सकाळी मी खडू घेऊन उभा राहिलो आणि बाईंनी फिर्याद सांगितली. मी कबूल करतो, आधी मी फाटकाकडे बघून घेतलं. पण एकदा लिहायचंच म्हटल्यावर मी तात्यांच्या नावाला निळी सावली दिली, वर सोनेरी किनार दिली. असं देखणं नाव मी जन्मात काढलं नव्हतं.

दुपारी जीप आली. तात्या फळ्यापुढे उभे राहिले, बाई दारात. आजूबाजूच्या सगळ्या खिडक्यांतून पोरं.

"बाई, वेशीपासनं हितवर लोक हसत्यात मला," तात्या म्हणाले. "पुसा त्ये."

"मला पुसता येत नाही, तात्या. तुम्हाला येतं. तीन वाक्यं लिहा, दोन मिनिटांचं काम. मारुतीने केलं."

"मारुती शिपाई हाय. मी कोण हाय?"

"म्हणून तर तुम्हाला त्याच्याइतके चार दिवस लागणार नाहीत."

तात्या जवळ आले. आवाज खाली आणून, पण आम्हाला ऐकू येईल एवढाच खाली आणून म्हणाले, "डिसेंबरात कुर्ची मोकळी व्हतीय. तुमची लई इच्छा हाय, मला म्हाईत हाय. ती कुणाला द्यायची त्ये माझ्या हातात हाय."

बाईंचा चष्मा कपाळावर होता. तात्या त्यांना दिसत होते की नाही, कोण जाणे. "आज मी तुमचं नाव पुसलं," त्या म्हणाल्या, "तर त्या दिवशी मारुतीला सगळ्या शाळेपुढे उभं केलं ते कशासाठी? तो लहान माणूस म्हणून? मग ती शाळा नव्हती, तमाशा होता. मला तसलं काही चालवायचं नाही."

तात्या निघून गेले. फळ्यावर नाव तसंच. कायद्याप्रमाणे दुसऱ्या कुणाला पुसायचं नाही, आणि जुनं नाव असताना नवं लिहायचं नाही, म्हणून फळा बंद. दिवाळीच्या सुट्टीत तात्यांनी त्यावर मोठा फ्लेक्स ठोकून घेतला. हात जोडलेले तात्या, पांढरी टोपी, सुस्वागतम्. फ्लेक्सच्या मागे माझी निळी सावली आणि सोनेरी किनार शाबूत आहे, हे सगळ्या गावाला माहीत होतं. लोक त्या फ्लेक्सकडे बघून पुन्हा हसायचे.

खुर्ची परस्पर दुसऱ्याला देणं मात्र सोपं नव्हतं. सगळ्यात ज्येष्ठ शिक्षकाने मला हे पद नको असं लेखी दिल्याशिवाय खालच्याचा प्रस्ताव वरच्या ऑफिसात मंजूर होत नाही. म्हणून नकारपत्र लिहून घ्यायची आमच्याकडे चाल आहे. समजूत घालून घेतात, दमात घेऊन घेतात. पत्र संस्थाच टाइप करून आणते, माणसाने फक्त सही करायची. मराठीत चार ओळी आणल्या असत्या तर काम झालं असतं की नाही, मला सांगता येणार नाही. पण तात्यांना वाटलं, इंग्रजी पत्राला ऑफिसात वजन असतं. आणि त्यांनी इंग्रजीतलं नकारपत्र मुथाबाईंकडे पाठवलं.

घेऊन आले आमचे क्लार्क भोरभाऊ. बिचाऱ्यांचा घाम निघाला होता. बाईंनी पत्र घेतलं आणि वाचायच्या आधी लाल पेन उघडलं.

'इंटरेस्टेड' नाही म्हणायचं होतं, तिथे लिहिलं होतं 'इंटरेस्टिंग' नाही. "मी रंजक नाही, असं म्हणता भोरभाऊ?" कारण खासगी, तर लिहिलं होतं 'पर्सोनेल'. "म्हणजे कर्मचारी कारण. असलं कारण कुठल्या गावात असतं?" 'ऑब्जेक्शन' नाही म्हणायचं होतं, तिथे 'ऑब्जेक्टिव्ह' नाही, म्हणजे हरकतीच्या जागी उद्दिष्ट. आणि शेवटी, माझी विनंती स्वीकारावी, तर 'ॲक्सेप्ट'च्या जागी 'एक्सेप्ट', म्हणजे वगळावी. बाईंनी प्रत्येक शब्दाभोवती गोल काढला, कोपऱ्यात दहापैकी दीड लिहिलं आणि कागद परत दिला. "सुधारून आणा."

भोरभाऊ सुधारून आणायचे, बाई तपासून द्यायच्या. दुसऱ्या खेपेला तीन मार्क. तिसऱ्या खेपेला बाईंनी त्यांना स्टूल दिलं. चौथ्या खेपेला परात-पातेलं झालं. डिसेंबर आला, मुख्याध्यापक निवृत्त झाले, प्रस्ताव अडकलेलाच. तात्या फोनवर भोरभाऊंना फाडून खात होते आणि भोरभाऊ तिकडे दुर्लक्ष करून 'हॅज' आणि 'हॅव'मध्ये बुडाले होते. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्या माणसाला कुणीतरी पहिल्यांदा नीट शिकवत होतं.

सातव्या खेपेला बाईंनी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. पेन कागदावर टेकलं नाही. भोरभाऊ स्टुलाच्या कडेवर आले होते.

"एकही चूक नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही लिहिलंत?"

"व्हय बाई. डिक्शनरी घिऊन. दोन राती लागल्या."

बाईंनी कोपऱ्यात दहापैकी दहा लिहिलं आणि त्याभोवती फूल काढलं. मग जिथे सही करायची होती तिथे, सहीच्या रेघेवर, आपल्या त्या कोंबडीपाय अक्षरात एक ओळ लिहिली आणि कागद भोरभाऊंच्या हातात दिला. मी वाकून वाचलं. 'भाषा बरोबर. मजकूर खोटा.'

ते पत्र तात्यांपर्यंत पोचलं. पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. बाईंना खुर्ची मिळाली नाही. बाईंच्या खाली असलेल्या थोरातसरांना 'प्रभारी' म्हणून बसवलं. नकारपत्र नसल्याने कायमची मंजुरी कधीच आली नाही आणि प्रभारींचा कारभार बाई निवृत्त होईपर्यंत, अडीच वर्षं, तसाच रेटला. माणूस हक्काचा असला तरी चालतो, फक्त त्याने सगळ्यांना एकाच मापाने मोजता कामा नये, असा हा कारभार. लिहितानाही माझ्या अंगाची लाही होते. थोरात भला माणूस, पण पाठीत कणा जरा कमी. त्या दिवसापासून बाईंच्या नजरेला नजर देईना.

तात्यांनी आणखी एक केलं. शिक्षा म्हणून बाईंचे आठवी ते दहावीचे सगळे तास काढून घेतले आणि त्यांना पाचवी दिली. आम्हाला वाटलं, बाईंना हवं तेच झालं, आता त्या गालात हसतील. हसल्या नाहीत. त्यांचा एवढा संताप मी पूर्वी पाहिला नव्हता. "पाचवीला शिकवणं ही शिक्षा?" त्या स्टाफरूमच्या मधोमध उभ्या राहून म्हणाल्या. "इतका चुकीचा शब्द मी उभ्या जन्मात ऐकला नाही. आणि फळा बंद आहे." मग छडीसारखं पेन काखेत मारून त्या पाचवीवर गेल्या. अडीच वर्षं त्यांनी एकही तास चुकवला नाही.

त्यांचा निवृत्तीचा दिवस मेमधला, सुट्टीतला. एरवी सगळ्यांना शाल, नारळ, भाषणं असतात. संस्थेने काही करायचं नाही असं ठरवलं. आम्ही पाच-सहा जण आपणहून जमलो. मारुतीमामाने चहा केला, भोरभाऊंनी मंचरहून पेढे आणले. बाई घड्याळ बघत होत्या. साडेपाचची एसटी, म्हणजे घरी जाऊन ऊन असतानाच जेवण.

निघायच्या वेळी थोरातसर आले. हातात बाईंचं सेवापुस्तक. नोकरीला लागल्यापासूनची प्रत्येक नोंद त्यात, आणि शेवटच्या नोंदीखाली मुख्याध्यापकाची सही आणि शिक्षकाची सही लागते. थोरातांनी ते टेबलावर उघडून ठेवलं आणि दोन पावलं मागे सरकले.

सेवेची वर्षं, रजा, सगळं नेहमीसारखं. त्याखाली शेऱ्याच्या रकान्यात थोरातांनी स्वतःच्या हाताने, मराठीत, एक ओळ लिहिली होती. 'मुख्याध्यापकपदावरील हक्क या शिक्षिकेने कधीही सोडलेला नाही.' खाली थोरातांची सही, शाळेचा शिक्का. ते पुस्तक वरच्या ऑफिसात जाणार, तिथून तात्यांच्या कानावर जाणार, आणि मग थोरातांच्या खुर्चीचं काय होणार, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळलं.

बाईंनी चष्मा नीट डोळ्यांवर बसवला. ओळ वाचली. सवयीने पेनाचं टोक एकेका शब्दाखालून नेलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. कुठे थांबलं नाही. मग त्यांनी सही केली.

थोरात पुस्तक मिटायला पुढे आले. बाईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "शाई वाळू दे."

आणि बाहेर एसटीचा हॉर्न वाजला तरी बाई त्या पुस्तकावर हलकेच फुंकर मारत उभ्या होत्या.